उतारा घडाघडा वाचला, उत्तर मात्र चुकले

पाचवी ते आठवीच्या मुलांना उतारा वाचताना नेमके कोणते शब्द अडतात आणि त्यांवर घरी किंवा वर्गात काय करता येईल, या विषयावर या सदराकडे मुंबईच्या निरनिराळ्या भागांतून बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रे संक्षेपाने आणि त्यांची उत्तरे या अंकात देत आहोत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

मुलुंडहून एक पालक : माझी मुलगी मराठी माध्यमाच्या शाळेत सातवीत आहे. मोठ्याने वाचताना ती एका अक्षरालाही अडखळत नाही. परंतु अपठित उताऱ्यावरील प्रश्नांत तिचे निम्मे गुण जातात. शिकवणीच्या बाईंनी समानार्थी शब्दांची लांबलचक यादी दिली होती. ती तिने तोंडपाठ केली, तरी गुणांत फरक पडला नाही. आणखी शब्द पाठ करून घ्यावेत का?

नकोत. जी यादी पाठ होऊनही कामी आली नाही, ती वाढवल्याने कामी येईल असे समजण्यास आधार नाही. अशा याद्यांत काय असते ते आपण एकदा डोळ्यांखालून घालावे. सूर्याला रवी, भास्कर, दिनकर, मित्र. पाण्याला जल, नीर, उदक, तोय. हे शब्द कवितेत भेटतात आणि व्याकरणाच्या प्रश्नात एखाददुसरा गुण मिळवून देतात, म्हणून त्यांना निरुपयोगी म्हणण्याचे कारण नाही. परंतु ‘तोय’ अडल्यामुळे सातवीतल्या मुलाचा उतारा चुकला, असे सहसा घडत नाही. उत्तर चुकते ते साध्या दिसणाऱ्या शब्दांमुळे, आणि ते ओळखीचे वाटत असल्यामुळे मूल त्यांच्यापाशी थांबतही नाही.

मुलगी न अडखळता वाचते, या गोष्टीचा आपल्याला आधार वाटतो. पण तो फसवा आहे. देवनागरीत जसे लिहिले जाते बहुतांशी तसेच वाचले जाते, त्यामुळे अक्षरओळख आणि जोडाक्षरे पक्की झाली की मूल अर्थ न कळताही कोणताही मजकूर घडाघडा वाचू शकते. फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या अभ्यासकांनी १९८६ साली वाचनाविषयी एक सुटसुटीत मांडणी केली : अक्षरांवरून शब्द उच्चारता येणे आणि ती भाषा ऐकून समजणे, या दोहोंच्या गुणाकारातून वाचनाचे आकलन घडते. गुणाकार म्हटला की एक बाजू कितीही भक्कम असली तरी दुसरी दुबळी असल्यास उत्तर लहानच येणार. आपल्या मुलीची पहिली बाजू भक्कम आहे, आणि म्हणूनच दुसरीकडे कुणाचे लक्ष गेलेले नाही.

उदाहरणासाठी पुढील छोटा उतारा मी मुद्दाम रचला आहे. तो तिला वाचायला द्यावा.

‘विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यांवरून वाहणाऱ्या पाण्यातून मिठी नदी उगम पावते आणि सुमारे १८ किलोमीटर वाहत जाऊन माहीमच्या खाडीला मिळते. काठांवर भराव पडत गेल्याने तिचे पात्र अनेक ठिकाणी अरुंद झाले. परिणामी पाण्याचा निचरा मंदावला. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा नदीकाठच्या वस्त्या जलमय झाल्या. त्यानंतर पात्राचे रुंदीकरण हाती घेण्यात आले; तथापि केवळ रुंदीकरणाने प्रश्न सुटत नाही, कारण भरतीच्या वेळी खाडीचे पाणीच नदीच्या मुखाकडील भागात शिरते.’

यावर एकच प्रश्न विचारावा : ‘पात्र रुंद केले तरी पुराचा धोका का उरतो?’ पुष्कळ मुले प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधतात आणि तो जिथे सापडेल ते वाक्य जसेच्या तसे उतरवतात : ‘त्यानंतर पात्राचे रुंदीकरण हाती घेण्यात आले.’ हे उत्तर आळसाने लिहिलेले नसते. ‘तथापि’ या शब्दाने वाक्याने वळण घेतले, पुढे मागच्या विधानाला मर्यादा घालणारे काहीतरी येणार आहे, हे त्या मुलाला कळलेले नसते. आणि ‘केवळ’ हा शब्द तर त्याच्या नजरेतून निसटलेलाच असतो. घरी आपण ‘तरीपण’ आणि ‘नुसतं’ म्हणतो. ‘तथापि’ आणि ‘केवळ’ कुणी जेवणाच्या ताटावर बोलत नाही, त्यामुळे ते शब्द पुस्तकाबाहेर मुलाच्या कानावर पडतच नाहीत.

आता ‘पात्र’ पाहा. मुलीला हा शब्द ठाऊक आहे का, असे विचारले तर ती ‘हो’ म्हणेल, आणि ते खरेही असेल : नाटकातले पात्र तिला माहीत आहे, स्पर्धेला पात्र ठरणे माहीत आहे, कदाचित पूजेतले ताम्रपात्रही माहीत असेल. नदी ज्या खोलगट भागातून वाहते त्यालाही पात्र म्हणतात, हे मात्र तिला कुणी सांगितलेले नसते. ‘भरती’ची गत तीच. दादरच्या किनाऱ्यावर खेळलेले मूलसुद्धा उताऱ्यात ‘भरती’ वाचल्यावर पोलीस भरतीकडे वळू शकते, कारण हल्ली तो शब्द त्याच अर्थाने अधिक कानी पडतो. अनेकार्थी शब्दाचा एक अर्थ माहीत असणे हे कधीकधी तो शब्द मुळीच माहीत नसण्यापेक्षा अडचणीचे ठरते, कारण अनोळखी शब्दाशी मूल निदान थबकते तरी.

‘सांडवा’ हा उताऱ्यातला सर्वांत अवघड शब्द, परंतु त्यावर वेळ घालवू नये. धरण किंवा तलाव भरल्यावर जादा पाणी जिथून बाहेर पडते ती जागा, एवढे सांगावे आणि पुढे जावे. इझाबेल बेक आणि मार्गारेट मॅकिऑन या अमेरिकी अभ्यासकांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत : रोजच्या बोलण्यातले, पुस्तकी, पण अनेक विषयांत पुन्हापुन्हा येणारे, आणि एकाच विषयापुरते मर्यादित असलेले. मेहनत घ्यायची ती मधल्या थरावर, असे त्यांचे सांगणे आहे आणि ते मला पटते. आपल्या उताऱ्यातले ‘परिणामी’, ‘निचरा’, ‘तथापि’, ‘केवळ’, ‘उगम’, ‘मंदावणे’ हे शब्द मधल्या थरातले. हेच शब्द तिला भूगोलात भेटतील, विज्ञानात भेटतील आणि पुढे वर्तमानपत्राच्या अग्रलेखातही भेटतील.

शब्द कळला की नाही हे तपासताना ‘अर्थ सांग’ असे म्हणू नये. मुले अर्थ पाठ करून सांगतात. त्याऐवजी असे विचारावे : ‘पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी शाळेच्या मैदानात तळे आहे. तिथे निचरा चांगला आहे की वाईट?’ किंवा ‘आपल्या मोरीचा निचरा मंदावला तर काय दिसेल?’ याचे उत्तर ज्या मुलीला देता आले, तिला शब्द कळला. समानार्थी म्हणून शिकवलेल्या शब्दांचीही अशीच परीक्षा घ्यावी. मंद, संथ, हळू, सावकाश हे यादीत एका ओळीत बसतात. पण प्रकाश मंद असतो, पाणी संथ वाहते, दार हळू लावायचे असते आणि पाहुण्याला आपण ‘सावकाश जेवा’ असे सांगतो. ‘संथ जेवा’ म्हटले तर पाहुणा दचकेल.

गोवंडीहून एक शिक्षिका : मी महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळेत सहावीला शिकवते. वर्गातील अनेक मुलांच्या घरी हिंदी, भोजपुरी किंवा उर्दू बोलली जाते. नवा पाठ घेण्यापूर्वी मी सर्व कठीण शब्द फळ्यावर अर्थांसह लिहून देते, मुले ते वहीत उतरवतात; तरी पाठ वाचताना ती कोरी ती कोरीच. माझे कुठे चुकते आहे?

आपली तयारी कमी नाही, शब्द जास्त आहेत. पाठ सुरू होण्याआधी पंधरा-वीस शब्द फळ्यावर आले की मुलांच्या हातांना काम मिळते, डोक्याला मिळत नाही. पाठापूर्वी चार-पाचच शब्द घ्यावेत, आणि तेही असे की ज्यांच्यावाचून पाठाचा धागा तुटेल. बाकीचे शब्द वाचता वाचता, त्या वाक्यात जेवढा लागतो तेवढाच अर्थ सांगून मागे टाकावेत. निवडलेले शब्द मात्र त्या दिवशी तोंडी वापरून घ्यावेत, दोन दिवसांनी पुन्हा विचारावेत आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एखाद्या वाक्यात मुद्दाम आणावेत. एकदा लिहिलेला शब्द वहीत राहतो. चार वेळा निरनिराळ्या जागी भेटलेला शब्द मुलाचा होतो.

आपल्या वर्गात एक वेगळी अडचणही असणार, आणि ती या मुलांच्या हुशारीतूनच उद्भवते. हिंदीच्या आधाराने ती मराठी वाचतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांचा अंदाज बरोबर येतो. ‘कारण’, ‘विरोध’, ‘प्रयत्न’, ‘स्वतंत्र’ हे शब्द त्यांना जवळजवळ फुकटात मिळतात. फसगत होते ती दिसायला सारख्या असलेल्या, अर्थाने मात्र दूर गेलेल्या शब्दांपाशी. ‘गुरुजींनी राजूला शिक्षा केली’ या वाक्यात त्यांना राजूचे शिक्षण चाललेले दिसते. ‘सर्वांनी त्याची चेष्टा केली’ हे वाचून सर्वांनी प्रयत्न केला असे त्यांना वाटते. ‘आजीने काटकसरीने संसार केला’ या वाक्यातला संसार म्हणजे जग नव्हे, ‘टोपली खाली ठेवली’ म्हणजे ती रिकामी ठेवली असे नव्हे, आणि ‘तिला राग आला’ या वाक्याचा संगीताशी संबंध नाही. गणितातल्या ‘व्यस्त प्रमाणा’पाशी तर हिंदीभाषक मूल हमखास अडते, कारण त्याच्या लेखी व्यस्त म्हणजे कामात गुंतलेला. असे शब्द भेटतील तसे वर्गातल्या एका तक्त्यावर दोन रकान्यांत लिहीत जावे : ‘हिंदीत’ आणि ‘मराठीत’. भर मुलांनीच घालावी. घरची भाषा वर्गात आणली म्हणून मराठी बिघडत नाही. ती दाराबाहेर ठेवल्याने मात्र हे घोटाळे उजेडातच येत नाहीत.

आणखी एक. ‘साहित्य’, ‘कृती’, ‘निरीक्षण’, ‘अनुमान’, ‘घटक’ हे शब्द विज्ञानाच्या पुस्तकात पानोपानी येतात, पण ते शिकवण्याची जबाबदारी विज्ञानाच्या शिक्षकांना भाषेची वाटते आणि भाषेच्या शिक्षकांना विज्ञानाची. दोघांनी महिन्यातून एकदा बसून त्या महिन्यातील सामाईक शब्द ठरवावेत. अवघ्या अर्ध्या तासाचे हे काम कित्येक शाळांत कधीच होत नाही, याचे मला नवल वाटते.

गिरगावहून एक आजोबा : माझा नातू इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सहावीत असून मराठी हा विषय त्याला आहे. शब्द अडला की शब्दकोशात पाहा, असे मी त्याला सांगतो आणि घरात चांगला शब्दकोश आहे. पण दर वेळी ‘आजोबा, हा शब्द यात नाहीच’ असे सांगत तो परत येतो. तो टाळाटाळ करतो की काय?

टाळाटाळ करत नसावा. तो जो शब्द शोधतो तो कोशात खरोखरच नसतो. त्याच्या पुस्तकात ‘कापसाच्या शेतात’ असे असेल तर तो ‘कापसा’ शोधणार, आणि कोशात असतो ‘कापूस’. ‘देवळापाशी’ वाचून तो ‘देवळ’ पाहणार. कोशात आहे ‘देऊळ’. मराठीत शब्दाला विभक्तीचा प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी शब्दाचे रूप बदलते, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि जन्मापासून मराठी कानावर असलेल्या माणसाला हे बदल जाणवतही नाहीत. माणूस–माणसाला, बेडूक–बेडकाला, कणीस–कणसाला, पाऊस–पावसात, विहीर–विहिरीत, फूल–फुलाला, वारा–वाऱ्यावर, भाऊ–भावाकडे. दिवसाचा बहुतेक वेळ इंग्रजीत वाचणाऱ्या मुलाला या जोड्या कुणीतरी उघड करून दाखवाव्या लागतात. इंग्रजी शब्दकोशात जवळपासची जागा सापडली की शब्द बहुधा हाती लागतो. मराठीत शब्दाचे मधले अक्षरच बदलते, त्यामुळे चुकलेले मूल कोशात भलतीकडेच जाऊन पोहोचते.

क्रियापदांचे त्याहून अवघड. ‘गेली’ हे ‘जाणे’ या नोंदीखाली मिळते आणि ‘आला’ हे ‘येणे’खाली, पहिले अक्षरसुद्धा जुळत नाही. सुदैवाने अशी क्रियापदे थोडी आहेत आणि ती बोलण्यातली असल्यामुळे कोशात पाहावी लागत नाहीत. ‘आटल्या’, ‘दडपला’, ‘पारखून’ अशा रूपांवरून ‘आटणे’, ‘दडपणे’, ‘पारखणे’ इथपर्यंत पोहोचणे नातवाला थोड्या सरावाने जमेल.

सरावासाठी पुस्तकच हवे असे नाही. त्याला घेऊन आपण चर्नी रोडहून लोकलने कुठे जात असाल तर पाट्या आणि जाहिराती वाचायला सांगाव्यात, आणि प्रत्येक शब्दाचे कोशातले रूप विचारावे. ‘फलाटावर’ म्हणजे फलाट, ‘पायऱ्यांवरून’ म्हणजे पायरी, ‘रुळांलगत’ म्हणजे रूळ. दादर येईपर्यंत बराच सराव होतो, आणि या कामात आजोबांना हरवणे नातवंडांना फार आवडते.

कोश कोणता, हाही प्रश्न आहे. मोल्सवर्थ यांचा १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झालेला मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्वे यांचा १९३२ पासून खंडशः निघालेला ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही थोर ग्रंथ आहेत, आणि ‘बृहद्कोश’ या संकेतस्थळावर दोन्ही एकाच ठिकाणी शोधता येतात. परंतु सहावीतल्या मुलाला ते एकट्याने वापरायला देऊ नयेत. तिथे एका शब्दाचे दहा अर्थ मिळतात आणि त्यांतले निम्मे आज प्रचारात नाहीत. त्याच्यासाठी शालेय विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला लहान कोश पुरे. थोर कोशांतील नोंदी आपण वाचाव्यात आणि त्याला त्यातले रंजक तेवढे सांगावे. शोधताना ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ कुठे आहेत तेही आधी पाहून घ्यावे, कारण काही कोशांत ते ‘क’ आणि ‘ज’ यांच्या जोडाक्षरांत असतात, तर काहींत वर्णमालेच्या शेवटी.

लालबागहून आठवीतील एक विद्यार्थिनी : परीक्षेत शब्दकोश नसतो. उताऱ्यात माहीत नसलेला शब्द आला की मी घाबरते आणि तिथेच अडकून बसते. ‘संदर्भावरून अर्थ ओळख’ असे सर सांगतात, पण कसा ओळखायचा ते कळत नाही.

तुझी तक्रार रास्त आहे. ‘संदर्भावरून ओळखा’ हे सांगायला सोपे आहे, पण प्रत्येक शब्दाला संदर्भ सारखी मदत करत नाही. हे वाक्य वाच : ‘त्या वर्षी विहिरी आटल्या, गुरांना पाजायलाही पाणी उरले नाही.’ इथे ‘आटल्या’ अडला तरी पुढचा अर्धा भाग तुला अर्थ सांगून टाकतो. आता हे वाच : ‘तटावरचे पहारेकरी बेसावध होते.’ यात ‘बेसावध’च्या जागी थकलेले, जागे, शूर, भुकेले, काहीही बसेल. वाक्य मदत करत नाही, म्हणून शब्दाच्या पोटात पाहायचे : बे आणि सावध. ‘बेजबाबदार’, ‘बेशिस्त’ हे शब्द तुला ठाऊक आहेत, तेव्हा ‘बे’ काय करतो तेही ठाऊक आहे. ‘गैरहजर’मधला गैर, ‘नापीक’मधला ना, ‘निर्जन’मधला निर्, ‘दुर्गम’मधला दुर् यांचे असेच आहे. मात्र शब्द फोडल्यावर उरलेला तुकडा अर्थाचा आहे ना, हे दर वेळी पाहा. ‘बेडूक’मधून ‘बे’ काढून काही हाती लागत नाही, आणि ‘नापीक’मधला ‘ना’ ‘नांगर’मध्ये नसतो.

तेव्हा असे कर. अनोळखी शब्दावर पेन्सिलीने खूण कर आणि न थांबता परिच्छेद संपव. बहुतेक वेळा त्या शब्दावाचूनही प्रश्नाचे उत्तर देता येते, आणि निम्मी भीती तिथेच संपते. तो शब्द खरेच लागत असेल तर आधी मागचे-पुढचे वाक्य पाहा, मग शब्द फोडून पाहा, आणि जो अर्थ सुचेल तो त्याच्या जागी घालून सगळे वाक्य पुन्हा वाच. वाक्य बरोबर लागले तर पुढे जा.

अवघड शब्दांपेक्षा तू जपायचे ते लहान शब्दांना. ‘निदान एक तरी झाड लावा’ आणि ‘डॉक्टरांनी रोगाचे निदान केले’ यांतले निदान निराळे. ‘सगळे आले, शरद मात्र आला नाही’ आणि ‘नाममात्र शुल्क’ यांतले मात्र निराळे. ‘क्वचित’ म्हणजे कधीतरीच, ‘बहुधा’ म्हणजे बहुतेक करून, आणि ‘किंबहुना’ आले की लेखक आधीचेच विधान अधिक जोर देऊन मांडणार आहे असे समज. शिष्यवृत्तीसारख्या पर्यायी प्रश्नांच्या परीक्षेत तर प्रश्नच नीट वाचावा लागतो. ‘पुढीलपैकी कोणते विधान उताऱ्यात आलेले नाही’ किंवा ‘अयोग्य विधान निवडा’ या प्रश्नांत ‘नाही’ आणि ‘अयोग्य’ या शब्दांखाली रेघ मार. उतारा पूर्ण समजलेली मुलेही या दोन शब्दांपायी गुण घालवतात.

आणि परीक्षा नसेल तेव्हा मात्र नुसत्या अंदाजावर राहू नकोस. नॅगी, अँडरसन आणि हर्मन यांनी १९८७ साली अमेरिकेतील तिसरी, पाचवी आणि सातवीच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असे दिसले की वाचनाच्या ओघात एकदा भेटलेला अनोळखी शब्द कळून लक्षात राहण्याची शक्यता विसात एक इतकीच असते. म्हणजे भरपूर वाचणाऱ्याचे शब्द वाढतात ते खरे, पण ते सावकाश. खूण केलेल्या शब्दांपैकी दोन-तीन घरी येऊन कोशात पाहिलेस तर तो वेग नक्की वाढेल.

कांदिवलीहून एक वाचक : मुलाने दररोज किती नवे शब्द शिकावेत?

आठवड्याला आठ-दहा, पण असे की महिन्याभरानेही त्याच्या बोलण्यात यावेत.

बोरिवलीहून एक आई : माझा मुलगा क्रिकेटवरचे मोठमोठे मराठी लेख एका बैठकीत वाचतो. पण शेतीवरचा किंवा इतिहासावरचा चार ओळींचा उतारा आला की ‘काही कळत नाही’ म्हणून पुस्तक मिटतो. हा कंटाळा समजावा का?

थोडा कंटाळा असेल, परंतु मुख्य कारण ते नाही. डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली अमेरिकेत सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला दिले. वाचनात कच्ची, पण बेसबॉल जाणणारी मुले त्या मजकुराच्या आकलनात वाचनात पक्क्या, पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. आपल्या मुलाला ‘यष्टिरक्षक’, ‘निर्धाव षटक’, ‘पायचीत’ हे शब्द कुणी शिकवले नाहीत. खेळ आधी डोळ्यांपुढे होता, शब्द मागून आले. शेतीच्या उताऱ्यात ‘पेरणी’, ‘मळणी’, ‘खळे’, ‘बांध’ येतात तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काहीच नसते, आणि शब्दार्थ सांगून ते चित्र उभे राहत नाही.

आपले गाव असेल तर मे महिन्यात तिथे तो काय करतो ते पाहा. पडवी, माजघर, परसू, रहाट, गोठा हे शब्द पाठ्यपुस्तकात येणारच, आणि ते तिथे वस्तूसकट मिळतात. अट एवढीच की घरच्या वडीलधाऱ्यांनी त्या वस्तूंची नावे घेऊन बोलावे. ‘ते तिकडचं दे’ एवढ्यावर भागवू नये. गाव नसेल तर वाचनाचे विषय बदलते ठेवावेत. ‘बालभारती’चे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे, त्याचे जुने अंक संकेतस्थळावरही वाचायला मिळतात, आणि त्यात एकाच अंकात कथा, विज्ञान, निसर्ग असे सगळे असते. एकाच विषयावरचे तीन-चार लहान लेख लागोपाठ वाचायला दिले तर अधिक चांगले, कारण पहिल्या लेखातले शब्द दुसऱ्यात पुन्हा येतात आणि तिसरा लेख मूल आपण होऊन वाचते. क्रिकेट मात्र बंद करू नका. ‘अनपेक्षित’, ‘निर्णायक’, ‘सातत्य’, ‘वर्चस्व’ हे शब्द तो तिथेच शिकला असणार, आणि ते इतिहासाच्या धड्यातही त्याची वाट पाहत आहेत.

परळहून एक शिक्षक : ‘वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाने आकलन वाढते का? माझ्या वर्गातील एका मुलाने लिहिले : ‘आज आम्ही कंबर कसणे हा वाक्प्रचार शिकलो.’

त्या मुलाने आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलेच आहे, आणि नियमाप्रमाणे त्याला गुण नाकारणेही कठीण! ‘राजूने हातपाय गाळले’ हे वाक्यही तितकेच पोकळ आहे. त्यात हातपाय गाळण्याऐवजी जेवण केले तरी चालते. उपयोग करून घ्यायचा तर कारण मागावे. ‘हातपाय गाळणे हा वाक्प्रचार वापरून दोन वाक्ये लिहा, पहिल्या वाक्यात काय घडले ते सांगा, दुसऱ्यात त्यामुळे कुणी हातपाय गाळले ते सांगा.’ मग ‘तीन दिवस पाऊस थांबेना आणि दुकानातला सगळा माल भिजला. ते पाहून काकांनी हातपाय गाळले’ असे काहीतरी लिहावे लागते, आणि अर्थ कळल्यावाचून ते लिहिता येत नाही. याच्या उलट बाजूचा प्रश्नही अधूनमधून द्यावा : एक प्रसंग चार ओळींत सांगून ‘इथे कंबर कसली की हातपाय गाळले?’ असे विचारावे, आणि उत्तराच्या समर्थनार्थ उताऱ्यातला एक शब्द दाखवायला सांगावा.